तांडेलबाईंचे कान

तांडेलबाईंनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. त्यांच्या गाळ्यात येणारा प्रत्येक जण जिथे राहतो तेच त्याचं नाव. मी मुलुंड. ड्रम वाजवणारा माझा मित्र दीपक, तो घाटकोपर. एकदा अंधेरीहून दोन गिटारवाले एकाच वेळी आले, तेव्हा बाईंनी क्षणभर विचार केला आणि एकाला ईस्ट, दुसऱ्याला वेस्ट करून टाकलं. वेस्ट खरं तर जोगेश्वरीला राहायचा. त्याने सांगून पाहिलं. "आता चिकटलं ते चिकटलं," बाई म्हणाल्या.

गाळा साकीनाक्याला, मोठ्या रस्त्यावरून आत शिरल्यावर एका जुन्या औद्योगिक वसाहतीत, पहिल्या मजल्यावर. खाली पत्रा कापणारे, शेजारी शर्टाची बटणं करणारे. जिना चढेपर्यंत इतका गोंगाट कानावर आदळायचा, की इथे कुणी आवाज तपासण्याचा धंदा करतं यावर विश्वास बसू नये. आत मात्र भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या. प्लायवूडचा आणि सरसाचा वास, आणि त्यात अबोलीचा गजरा. बाई रोज गजरा माळून यायच्या. दुपारपर्यंत त्यावर लाकडाचा भुसा बसायचा. साठी ओलांडलेली, ठेंगणी, खांद्यात रुंद बाई. साडीवर जुन्या जीन्सचा शिवलेला एप्रन, कानात सोन्याच्या जड कुड्या आणि नाकावर घसरणारा चष्मा. त्या गिटारसाठी स्पीकरची कॅबिनेट बनवायच्या. पावर्ड, म्हणजे आतच अॅम्प्लिफायर बसवलेली. वायर लावा आणि वाजवा.

मी त्यांच्याकडे पोचलो तो फजिती झाल्यावर. आम्ही चौघे पंचेचाळिशी ओलांडलेले मित्र, नोकऱ्या सांभाळून बँड चालवणारे. लग्नाची रिसेप्शन्स, सोसायटीचे कार्यक्रम, एवढीच आमची झेप. हौसेने मी डिजिटल मॉडेलर घेतला होता. पायाशी ठेवायचं, पाटाएवढं यंत्र. जगातल्या शंभर अॅम्प्लिफायरच्या आणि त्यांच्या स्पीकरच्या खोक्यांच्या हुबेहूब नकला त्यात भरलेल्या. हेडफोन लावून घरी वाजवलं, तर मी स्वतःवरच खूश. मुलुंडच्या एका हॉलमध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं आणि पत्र्याच्या डब्यात माशी कोंडल्यासारखा आवाज निघाला. कार्यक्रम संपल्यावर आमची गायिका, दीपकची बायको शुभदा, शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी हे आणलंस तर मी येणार नाही. मस्करी नाही करत." चिडून बोलली असती तर बरं वाटलं असतं. दीपकनेच मग कुणाकडून तरी बाईंचा पत्ता काढला आणि फोन करून माझी वेळ घेतली.

बाईंनी यंत्राकडे पाहिलंही नाही. "कशातून वाजवलंस?"

"माझ्या जुन्या गिटार अॅम्पमधून."

"या मशीनमध्ये खोक्याची नक्कल हाय ना? ती चालू होती?"

"होती."

"म्हणजे खोक्याची नक्कल तू खऱ्या खोक्यात ओतलीस. खोक्यात खोका! आवाज कोंडणार नाय तर काय होणार?" त्या आत वळून ओरडल्या, "रुखसार, आणखी एक आला गं, डबल खोकेवाला."

आतून हसण्याचा आवाज आला. रुखसार चाळिशीची, कुर्ल्याहून येणारी. गाळ्यातलं सगळं सोल्डरिंग आणि वायरिंग तिच्याकडे. हसताना तिच्या हातातली डागणी जागची हलत नसे.

मग बाईंनी मला समजावलं. गिटारचा नेहमीचा स्पीकर आवाजाला स्वतःचा रंग लावतो. कुणाचा उबदार, कुणाचा कर्कश. ते काम मॉडेलरने आधीच केलेलं असतं. त्याच्यापुढे असा स्पीकर हवा, जो मिळेल ते तसंच्या तसं बाहेर सोडेल, खालपासून वरपर्यंत, काही न खाता आणि काही न घालता.

"तुला गवई नको," बाई म्हणाल्या. "तुला निरोप्या पायजे. निरोप्या कसा असतो? जे सांगितलं ते सांगतो. त्यात आपल्या पदरचं घालत नाय."

तसली कॅबिनेट मी इंटरनेटवर पाहून ठेवली होतीच. किती वॉट, किती इंच, मी घडाघडा सांगायला लागलो. बाईंनी हात वर केला आणि मला भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं. माझ्या पाठीमागे दोरीवर एक फुलाफुलांची चादर टांगलेली होती, तिच्यामागे कॅबिनेट. रुखसारने छोट्या मीटरवर सगळ्यांचा आवाज एकसारखा करून घेतला. "जो जोरात वाजतो तो बरा वाटतो," बाई म्हणाल्या. "म्हणून आधी सगळ्यांना एका उंचीवर आणायचं." मी एकच तुकडा वाजवायचा, त्या मागून ओरडणार, "एक! आता दोन! आता तीन!"

मी ऐकलं आणि माझं मत दिलं. जरा ऐटीतच दिलं. एक नंबर कोरडा आहे, त्यात जीव नाही. दोन बरा. तीन मात्र झकास, खोली आहे, ऊब आहे.

चादर बाजूला सारून बाई पुढे आल्या. "एक आणि तीन एकच होता."

माझे कान लाल झाले. रुखसारने माझ्यासमोर चहा ठेवला. पुढे कळलं की हा चहा ठरलेला असतो. प्रत्येकाला या टप्प्यावर मिळतो.

त्या दिवशी त्यांनी मला काहीच दिलं नाही. "हेडफोनवर आवाज बनवलेस ना? ते फेकून दे. रविवारी घाटकोपरला घेऊन ये, त्याचे ड्रम पण. ड्रमशिवाय गिटारचा बॉक्स निवडायचा म्हणजे भाताशिवाय कालवण चाखायचं. एकट्यात सगळंच चांगलं लागतं."

रविवारी आम्ही ड्रम जिन्यावरून चढवले. बाईंनी अख्खी सकाळ आमच्यामागे घालवली. घरी भारदस्त वाटणारा माझा आवाज ड्रमशेजारी चिखल झाला होता. कॅबिनेट जमिनीवर ठेवल्यामुळे जाड, खर्जातले आवाज आणखी फुगत होते. एकेक करून ते कमी केले. मी कॅबिनेटसमोर उभा होतो आणि मला वरचे सूर नीट येत नव्हते. मी तसं म्हणालो, तर बाईंनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

"बॉक्स कुठे बघतोय?"

"समोर."

"समोर तुजे गुडघे हायत. गुडघ्यांना ऐकू येतं काय तुज्या?"

कॅबिनेट मागे झुकवून तोंड वर केलं आणि आवाज चेहऱ्यावर आला. शेवटी मी निवडली ती दहा इंची, राखाडी रंगाची, दिसायला अगदीच सुमार. आधी मी तिला कोरडी म्हणालो होतो आणि झकासही म्हणालो होतो, तीच.

बाई मूळच्या माहुलच्या कोळीवाड्यातल्या. आई टोपली घेऊन चेंबूरच्या बाजारात बसायची, दोघे भाऊ होडीवर. दहावी झाल्याझाल्या बाई मात्र साकीनाक्याच्या एका रेडिओच्या कारखान्यात लागल्या. स्पीकरच्या आत केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेली असते, ती गुंडाळण्याचं काम. एक वेढा दुसऱ्यावर चढला तरी स्पीकर घोगरा होतो. मालाच्या तपासणीला माणूस वेगळा होता, पण बाई त्याच्याआधीच सांगायच्या, हा घोगरा, हा बरा. वर्षभरात साहेबांनी त्यांनाच तपासणीवर बसवलं. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात निघाली, तेव्हा बाईंनी आपलं तार गुंडाळायचं यंत्र हातगाडीवर घातलं आणि हा गाळा गाठला. गिटार त्यांना वाजवता येत नव्हती. शिकावीशीही वाटली नाही. "मासे विकणाऱ्याने पोहायलाच पायजे असं हाय काय?" त्या म्हणायच्या.

त्यांच्या कानांच्या गोष्टी गिटारवाल्यांमध्ये फिरायच्या. त्यातली एक माझ्यासमोर घडली. अंधेरीचा वेस्ट एक दिवस परदेशी कॅबिनेट घेऊन आला. तो सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा, नाव असलेला माणूस. एक विशिष्ट सूर लागला की आत काहीतरी झणझणतं, अशी त्याची तक्रार. तीन ठिकाणी खोलून झालं होतं. स्पीकरही बदलला होता. झणझण कायम.

बाईंनी त्याला वाजवायला लावलं. डोळे मिटले. चष्मा काढून एप्रनच्या खिशात ठेवला. ऐकताना त्यांना चष्म्याचीही अडचण व्हायची. मग त्या म्हणाल्या, "हात रिकामे कर."

"म्हणजे?"

"हातातली कडी काढ."

उजव्या हातात त्याने दोन जाड कडी घातली होती. "बाई, ही माझ्या गुरुजींनी दिलीत. मी काढत नाही."

"मग गुरुजींना सांग स्पीकर दुरुस्त करायला."

त्याने काढली. पुन्हा तोच सूर वाजवला. साफ. त्या सुराला हात एका ठिकाणी टेकायचा आणि कडं गिटारच्या धातूच्या पट्टीला लागून झणझणायचं. बाईंनी कॅबिनेटचा एक स्क्रूसुद्धा काढला नव्हता. वेस्टने कडी डाव्या हातात घालून पाहिली, तर ती तारांना लागायला लागली. शेवटी त्याने ती खिशात टाकली आणि बाईंना वाकून नमस्कार केला. बाई रुखसारला म्हणाल्या, "याला चहा दे. दोन साखर. घाबरलाय."

माझ्या कॅबिनेटची खरी परीक्षा अजून व्हायची होती. एक दिवस बाईंचा फोन आला. "मुलुंड, शुक्रवारी माज्या भाच्याची हळद हाय माहुलला. बॉक्स घेऊन ये."

"ऐकायला?"

"वाजवायला. तिथे ऐकू आलास तर कुठेही ऐकू येशील."

कोळीवाड्यातली हळद म्हणजे बेंजो, ढोल, ताशा, कीबोर्ड आणि नाचणारी तीनशे माणसं. मी दुपारीच पोचलो. खाडीच्या बाजूला मंडप होता, पलीकडे रिफायनरीच्या टाक्या. बेंजोवाले नाना म्हणजे तिथले मुख्य. त्यांनी माझ्या राखाडी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्या यंत्राकडे. "हे काय वजन करायचं मशीन काय?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो आणि वायरी जोडायला लागलो.

बाई त्या दिवशी हिरवं लुगडं नेसून, डोक्यात फुलं घालून आल्या होत्या. गाळ्यातल्या बाई याच, हे मला पटायला वेळ लागला. त्यांनी घरातून एक पाट आणून माझ्या कॅबिनेटच्या पुढच्या कडेखाली सरकवला, तोंड वर केलं. "मी फिरते," त्या म्हणाल्या. "माज्या हाताकडे बघ."

ढोल सुरू झाला आणि माझ्या छातीत वाजायला लागला. मला माझंच काही ऐकू येईना. नेहमीची खोड, मी हात खाली नेऊन आवाज वाढवणार, तोच नाचणाऱ्यांच्या गर्दीतून एक हिरव्या बाहीचा हात वर आला. नको. मी थांबलो. मग तो हात तिरका झाला. आम्ही ठरवलेली खूण होती, मधले सूर वाढव, जाड कमी कर. मी तसं केलं आणि अचानक, त्या सगळ्या कल्लोळात, माझी गिटार एका रेषेसारखी वर आली. मोठी झाली नव्हती. फक्त तिला तिची जागा मिळाली होती. नानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या गाण्यात त्यांनी एक ओळ वाजवली, थांबले आणि भुवईने मला खुणावलं. तीच ओळ मी गिटारवर दिली. मग त्यांनी जरा अवघड दिली. माझी चुकली. ते मोठ्याने हसले आणि पुन्हा दिली. नाचणारे आमच्याभोवती गोळा झाले. नवऱ्याच्या आजीने पिवळ्या हातांनी येऊन माझ्या दोन्ही गालांना हळद फासली आणि बाईंना विचारलं, "ह्यो कोण गं नवा तुणतुणंवाला?"

बाई परत आल्या तेव्हा घामाने निथळत होत्या. "होड्यांपाशी ऐकू आलास," त्यांनी निकाल दिला. "मंडपाच्या दाराशी ऐकू आलास. भांडी घासतात तिथे नाय आलास, पण तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाय."

पुढच्याच महिन्यात आम्ही चौघे पुन्हा एका हॉलमध्ये वाजवलं. शुभदा गायली. संपल्यावर तिने माझ्या कॅबिनेटवर थाप मारली आणि म्हणाली, "आता बरं वाटतंय तुझ्या बाजूला उभं राहायला." माझ्यापुरती गोष्ट इथे संपली. पण गाळ्याची सवय लागली होती, काम असो नसो, मी जात राहिलो. म्हणूनच पुढचं सगळं मला जवळून पाहता आलं.

दोनेक वर्षांनी बोरिवलीचा एक गिटारवाला आला, वयाने आमच्यापेक्षा लहान, खूप गुणी. त्याने बाईंकडून कॅबिनेट नेली आणि थेट एका मोठ्या कार्यक्रमाला घेऊन गेला. दोन दिवसांनी तो ती परत घेऊन आला तेव्हा मी तिथेच होतो. चिडलेला नव्हता, उलट अवघडलेला होता.

"बाई, याचा ट्वीटर वाजतच नाही. वरचे सूर नाहीतच. लोक म्हणाले, गोधडीतून वाजवतोयस का?"

"काय बोलतोस? मी तपासलाय."

त्यांनी कॅबिनेट लावली. चष्मा काढला. डोळे मिटून ऐकलं. "वाजतोय की नीट."

बोरिवली माझ्याकडे पाहायला लागला. मी खाली पाहिलं. मलासुद्धा ऐकू येत होतं, म्हणजे ऐकू येत नव्हतं. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजांचा छोटा स्पीकर, मुका होता, वरचं सगळं गायब होतं.

बाईंनी डोळे उघडले आणि आमचे चेहरे पाहिले. "रुखसार," त्या म्हणाल्या, "इकडे ये. वाजतोय का ट्वीटर?"

रुखसार आली, उभी राहिली. "नाही बाई. बंद आहे."

"मग तू का नाय सांगितलं?"

"हा बॉक्स गेला तेव्हा मी सुट्टीवर होते. अम्मीचं ऑपरेशन होतं."

"तू असतीस तर काय झालं असतं?"

रुखसार हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही तपासलं की नंतर मी परत तपासते. तुम्ही जेवायला बसता तेव्हा."

"कधीपासून?"

"साल होऊन गेलं, बाई."

खाली पत्रा कापण्याचं यंत्र सुरू होतं आणि ते बाईंना ऐकू येत असणार, कारण त्याचा आवाज जाड होता. बारीक आवाज गेले होते. वर्षभर त्यांच्या हातून जे बरोबर गेलं, ते त्यांच्या कानांमुळे नव्हतं.

"आणि मला बोलली नाहीस?" बाईंचा आवाज चढला. "माज्या पाठीमागे? मी काय म्हातारी झाले म्हणून दया करतेस?"

"दया कशाची?" रुखसारही भडकली. त्या दोघींना भांडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "मशीन खराब झालं की सांग, असं तुम्ही शिकवलंत. कान खराब झाला तर कुणाला सांगायचं ते नाही शिकवलंत. कैसे बोलती? सगळी मुंबई तुमच्या कानाचं नाव घेऊन येते इथे."

बाई पिशवी उचलून निघून गेल्या. जेवणाचा डबा तसाच राहिला. मला वाटलं, संपलं. बोरिवलीलाही तसंच वाटलं असावं, तो सारखा म्हणत होता, "मी आणायलाच नको होता."

तासाभराने बाई परत आल्या. हातात एक पांढरी पाटी आणि ब्रश. खालच्या पेंटरकडून आणलेला. जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि मोठ्या अक्षरांत लिहायला लागल्या. आम्ही तिघे उभे राहून पाहत होतो. लिहिलं ते असं:

"बाईंना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. बारीक आवाज रुखसारला विचारा. जाड आवाज बाईंना विचारा."

"बाई, हे दारावर लावणार?" मी विचारलं.

"मग काय देव्हाऱ्यात लावू?"

"गिऱ्हाईक पळतील."

"पळू दे. मी निरोप्या बनवते ना? मग माजाच निरोप खोटा कसा चालेल?" मग रुखसारकडे न बघता म्हणाल्या, "अम्मी कशी हाय तुजी? ते पण विचारलं नाय मी."

"बरी आहे," रुखसार म्हणाली आणि रडायला लागली. बाईंनी ओल्या ब्रशसकट तिला जवळ घेतलं. तिच्या ओढणीवर पांढरा रंग लागला तो लागलाच.

पाटी लागली. बाईंनी वर्षभरातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. प्रत्येकाला एकच वाक्य, "बॉक्स घेऊन ये, माजे कान गेलेत, परत तपासू." पंधरा दिवस जिन्यावरून कॅबिनेट वर-खाली होत होती. रुखसारने प्रत्येक तपासली, बाई शेजारी बसून राहिल्या. एकही बिघडलेली निघाली नाही. बोरिवलीची तेवढीच सुटून गेली होती. तिला नवीन ट्वीटर लागला आणि बोरिवली जाताना बाईंच्या पाया पडला. पळालं कुणीच नाही. उलट लोक पाटीचे फोटो काढायला लागले आणि फोटो बघून नवीन गिऱ्हाइकं यायला लागली. त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं जायचं, आणि आता चादरीमागून दोन आवाज यायचे. एक सांगायची, "पोट सुटलंय याचं," दुसरी सांगायची, "ऊपर से चुभता है."

कानाचं यंत्र घ्यायला मात्र बाई तयार नव्हत्या. सहा महिने आम्ही मागे लागलो. अखेर तयार झाल्या त्या एका अटीवर, निवडायचं आपल्या पद्धतीने. घाटकोपरच्या एका दवाखान्यात मी दोघींना घेऊन गेलो. तिथली श्रवणतज्ज्ञ मुलगी हसऱ्या चेहऱ्याची, शांत. तिने विचारलं, "आजी, मी बोलते ते ऐकू येतंय का?"

"तू बोलतेस ते सगळ्यात येणार. तू समोर हायस," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून आपलं सामान काढलं. स्टीलचा चमचा आणि वाटी, काड्यापेटी, किल्ल्यांचा जुडगा, आणि कागदाच्या पुडीत सुकी करंदी, बारीक कोळंबी. करंदी मुठीत चुरली की जो आवाज होतो तो त्यांना ऐकायचा होता. "हा आला तर सगळा आला."

बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. तज्ज्ञ मुलगी यंत्रं बदलणार, मी काडी ओढणार, रुखसार करंदी चुरणार. दवाखान्यात सुक्या मासळीचा वास भरला आणि बाहेर बसलेले लोक डोकावायला लागले. बाईंनी निकाल दिले. पहिलं यंत्र किरकिरं, डोक्यात जातं. दुसरं बहिरं. तिसरं मात्र साफ, करंदीचं एकेक टरफल मोजून घ्यावं असं.

रुखसारने त्या मुलीकडे पाहिलं. मुलीने ओठ दाबून धरले होते.

"बाई," रुखसार म्हणाली, "पहिलं आणि तिसरं एकच होतं."

बाई हळूहळू वळल्या. आधी रुखसारकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात वर केले, मला खरंच माहीत नव्हतं. आणि मग त्या जे हसायला लागल्या, ते थांबेचनात. खुर्ची करकरली, कुड्या हलल्या, डोळ्यांतून पाणी आलं. "चहा सांगा कुणीतरी," त्या कशाबशा म्हणाल्या.

तेच यंत्र घेतलं.

त्यानंतर दोनेक वर्षं बाई गाळ्यात आल्या. मग गुडघ्यांनी जिना नाकारला. गाळा त्यांनी रुखसारच्या नावावर केला आणि एका शनिवारी शेवटच्या म्हणून आल्या. भाषणं वगैरे काही नव्हती. रुखसारने बिर्याणी आणली होती. दीपक, शुभदा, बोरिवली, ईस्ट, वेस्ट, सगळे जमिनीवर बसून जेवलो. बाईंनी तार गुंडाळायच्या यंत्राला तेल घातलं, रुखसारला चार गोष्टी सांगितल्या, त्या तिला आधीच माहीत होत्या, आणि गजऱ्यावरचा भुसा झटकून निघाल्या.

मी त्यांना रिक्षाने माहुलपर्यंत सोडतो म्हणालो. ऐकेनात. बसनेच जाणार. चार वाजले होते. साकीनाक्याच्या चौकात नेहमीप्रमाणे सगळं अडकलेलं, रिक्षा, डंपर, सामानाचे टेम्पो, आणि सगळेच हॉर्न दाबून बसलेले. मला वाटलं, बाई आता कानातलं यंत्र काढतील. त्यांचा हात कानाकडे गेलाही.

"बंद करताय?" मी ओरडून विचारलं.

"वाढवते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कानांवर हात ठेवून पळत होते इथून. आज जरा नीट ऐकते." आणि त्या थांब्यावर मान तिरकी करून उभ्या राहिल्या, गाळ्यात एखादी नवी कॅबिनेट लावल्यावर राहायच्या तशा, शांत, चेहऱ्यावर कुतूहल.

बस आली. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या. बस जागची हलत नव्हती. त्यांनी खिडकीतून डोकं काढून मला काहीतरी सांगितलं. काहीतरी महत्त्वाचं असावं, कारण बोट उचलून सांगत होत्या. शेजारच्या डंपरचा हॉर्न सुरू होता, मला एक अक्षर कळलं नाही. मी जोरजोरात मान हलवली, हो, हो.

बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मला काहीएक ऐकू आलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. तोंडाला पदर लावून त्या हसायला लागल्या. सिग्नल सुटला, बस पुढे सरकली, चेंबूरच्या बाजूला वळली, तरी मागच्या खिडक्यांमधून त्यांचे खांदे हलताना दिसत होते.